बाटली दाखवा

२८ फेब्रुवारीला सुरत शहरात जितके ज्वालामुखी फुटतात, तितके अख्ख्या इंडोनेशियात वर्षभरात फुटत नसतील. त्या दिवशी राष्ट्रीय विज्ञान दिवस असतो. आमच्या महापालिकेच्या प्राथमिक शाळा सात माध्यमांतून चालतात, त्यात मराठीही आहे. पण माध्यम कुठलंही असो, ज्वालामुखी एकच. पुठ्ठ्याचा डोंगर, त्यावर कागदाचा लगदा, वर चॉकलेटी रंग, पायथ्याशी प्लास्टिकची दोन झाडं आणि एक गाय. (ही गाय दर वर्षी लाव्ह्यात वाहून जाते आणि पुढच्या वर्षी पुन्हा चरायला हजर असते.) डोंगराच्या पोटात कापलेली पाण्याची बाटली. तिच्यात खाण्याचा सोडा, भांड्यांच्या साबणाचे चार थेंब, चिमूटभर लाल रंग. वरून व्हिनेगर ओतलं की फेस उतू जातो, शिक्षक टाळ्या वाजवतात, पालक मोबाइल वर धरतात, आणि शेजारच्या टेबलावर सौरचूल घेऊन बसलेलं पोर एकटं पडतं. सौरचुलीवर अंडं उकडेपर्यंत थांबायला कुणाला वेळ आहे?

लिंबायत, डिंडोली, उधना, नवागाम ही आमची बाजू. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून आलेली माणसं इथे लूमवर आणि मिलमध्ये राबून सुरतकर झाली. घरात अहिराणी, गल्लीत मराठी, शेठपुढे गुजराती. अशाच एका शाळेत मला प्रदर्शनाचा परीक्षक म्हणून बोलावतात. लेखकाला विज्ञानातलं काही कळत नसतं, म्हणून तो निःपक्षपाती निकाल देईल, असा हेडमास्तरांचा हिशेब असावा.

"बाळा, हा फेस कशाचा?"

"सर, लाव्ह्याचा."

"लाव्हा कुठला?"

"सर, पृथ्वीच्या पोटातला."

"मग पृथ्वीच्या पोटात व्हिनेगर कोणी ओतलं?"

पोरानं सरांकडे पाहिलं. सरांनी पंख्याकडे पाहिलं.

त्याच पोराची आई शाळेच्या फाटकाशी खमणाची गाडी लावते. मी प्लेट घेता घेता विचारलं, "ताई, सोडा कधी घालता?" ती म्हणाली, "एकदम शेवटी, भाऊ. घातला की ढवळायचं आणि लगेच वाफेला. गप्पा मारत बसलं तर पीठ बसून जातं, मग गिऱ्हाईक माझ्या नावानं बोंबलतं." हे ज्ञान आतल्या डोंगरावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. सोडा आणि आंबट पदार्थ एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड सुटतो, इथवर गाडी आणि ज्वालामुखी सारखेच. ज्वालामुखीतला वायू साबणाच्या फेसात दोन मिनिटं मिरवतो आणि निघून जातो. खमणातला वायू पळून जायच्या आत वाफेनं पीठ घट्ट होतं आणि तो आत कोंडला जातो. जाळी पडते ती त्या कोंडलेल्या वायूची. या बाईला तो वायू कधी दिसलेला नाही, पण तो पळतो आणि त्याच्या आधी आपण पळायचं असतं, हे तिला पक्कं ठाऊक आहे. पीठ पातळ राहिलं आणि खमण जमलं नाही, तर त्याचा लोचो होतो. निदान त्याची जन्मकथा सुरतेत अशीच सांगतात. फसलेल्या प्रयोगावर तेल, शेव आणि कांदा घालून तो सकाळच्या नाश्त्याला खपवणारं शहर विज्ञानाला आणखी काय देणार?

पहिला नंबर ज्वालामुखीला गेला. तीन परीक्षकांत माझं मत एकच होतं.

आता दुसरा प्रयोग. हा शाळेत होत नाही, गल्लीत होतो. घरात आजारपण सरत नाही, लूमवर हात लागला, मुलीचं जमत नाही, म्हणून कुणीतरी गावाकडच्या भगताला बोलावतं. भगत नारळ मांडतो, मंत्र म्हणतो, नारळावर तीर्थ शिंपडतो आणि नारळाची शेंडी आपोआप पेटते. काडेपेटी नाही, लायटर नाही. बाया हात जोडतात, बुवा पुढचा आकडा सांगतो.

जवळून पाहिलं तर असं असतं. शेंडीच्या काथ्यात आधीच पोटॅशियम परमँगनेटची बारीक पूड दडवलेली असते. जांभळी, चमकदार, पूर्वी विहिरीत टाकायचे तीच. तीर्थ म्हणजे बाटलीतलं ग्लिसरीन. दिसायला पाणीच, फक्त जरा जड वाहतं आणि बोटाला बुळबुळीत लागतं. परमँगनेट ऑक्सिजन द्यायला टपलेलं असतं आणि ग्लिसरीन घ्यायला. पण दोघांची ओळख व्हायला वेळ लागतो. आधी काहीच होत नाही. मग बारीक धूर. मग आतल्या आत उष्णता साठत जाते, तिनं रासायनिक क्रियेचा वेग वाढतो, वाढलेल्या वेगानं उष्णता वाढते, आणि एका क्षणी भडका उडतो. जाळाला जांभळट झाक असते ती पोटॅशियमची. आता यात मंत्राचं काम काय? या मधल्या वेळात लोकांना गुंतवून ठेवणं. पूड जाडसर असेल तर वेळ जास्त, थंडीत ग्लिसरीन घट्ट होतं तेव्हा आणखी जास्त. म्हणूनच पौषातला मंत्र वैशाखातल्या मंत्राहून लांब असतो, आणि अनुभवी भगताला तो कुठे ताणायचा हे बरोबर कळतं.

महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगाव हाच नारळ पेटवत आले आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये समिती उभी केली, तेव्हापासून 'चमत्कार सादरीकरण' हा तिचा हुकमी कार्यक्रम. जिभेवर जळता कापूर, लिंबातून रक्त. लिंबाचं रक्त तर स्वयंपाकघरातल्या रसायनशास्त्राचंच भावंड: जास्वंदीचा रस आंबटात लाल होतो, तो सुरीला आधी लावून वाळवला की झालं. हळदीचा पिवळा डाग साबण लागताच लाल होतो आणि सासूबाई साबणवाल्याला शिव्या देतात, तोही याच घराण्यातला चमत्कार. तिथे फक्त कारण उलटं, साबणातला क्षार.

म्हणजे भगत आणि कार्यकर्ता यांचा नारळ एक, पूड एक, जाळ एक, गर्दीच्या तोंडून निघणारा "अरेच्चा!" सुद्धा एक. फरक एवढाच की भगत बाटली लपवतो आणि कार्यकर्ता जाळ विझल्यावर ती वर धरून दाखवतो. माझ्या मते सगळं विज्ञान त्या बाटली दाखवण्यात आहे. जाळ ही नुसती जाहिरात. आणि तुमच्या सरांनी व्यासपीठावर नारळ पेटवला, टाळ्या घेतल्या आणि बाटली खिशात घालून ते चहाला गेले, तर त्यांनी विज्ञानाचा कार्यक्रम केला नाही. भगताचा केला, फक्त शर्ट पॅन्टमध्ये खोचून.

अर्थात गुजरातमध्ये भर सभेत उठून "बाटली दाखवा!" असं ओरडणं किती जोखमीचं आहे, ते महाराष्ट्रातल्या वाचकाला कळायचं नाही. इथे दारूबंदी आहे. मी एकदा ओरडलो, तेव्हा मागच्या रांगेतले दोघं घाईघाईनं उठून गेले.

पण ही मागणी या शहरात जुनी आहे, आणि ती करणाऱ्यांत एक मराठी माणूस होता. मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर त्या काळी सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिकवत होते. त्यांनी आणि इथले समाजसुधारक दुर्गाराम मंछाराम मेहता, म्हणजे दुर्गाराम मेहताजी, यांनी मित्रांसह १८४४ मध्ये सुरतेत मानवधर्म सभा काढली. जादूटोणावाले आणि मंत्रवाले यांना या मंडळींनी जाहीर आव्हान दिलं: तुमची विद्या खरी असेल तर या आणि आमच्यापुढे करून दाखवा. ज्यांनी १८३६ मध्ये मराठीला व्याकरण दिलं, त्यांनी सुरतेत येऊन मंत्रांतल्या चुका काढाव्यात, हे मला फार आवडतं. सभा पुढे टिकली नाही. दादोबा मुंबईला गेले आणि तिथे १८४९ मध्ये परमहंस सभेच्या उभारणीत लागले. भगत मात्र टिकले. त्यांना बदलीचा त्रास नसतो.

हल्ली बाटली लपवण्याचा मोठा धंदा भगताकडून इव्हेंटवाल्याकडे गेला आहे. आमच्याकडचं लग्न पाहा. दारात डीजे, स्टेजवर एलईडी, आणि "आता स्वर्गातून अवतरत आहेत" असं निवेदक किंचाळला की पांढऱ्या ढगातून नवरा-नवरी चालत येतात. नवरदेव गुडघ्यापासून वरच दिसतो. मागच्या लग्नात माझ्या शेजारी बसलेले एक नाना, वय ऐंशीच्या घरात, धोतर-टोपी, मान पुढे काढून बघत होते. म्हणाले, "धूर त शे, पण जाळ कोठे शे?"

त्या हॉलमध्ये एवढा चांगला प्रश्न दुसऱ्या कोणी विचारला नाही. जाळ नसतोच. गरम पाण्याच्या पिंपात कोरडा बर्फ टाकलेला असतो. कोरडा बर्फ म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंशांचा; तो वितळत नाही, सरळ वायू होतो. हा वायू डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो ढग पाण्याच्या बारीक थेंबांचा: पिंपातली वाफ आणि हॉलमधला दमटपणा गारव्यानं थेंब होऊन दिसू लागतो. सुरतेच्या हवेत सहाशे वऱ्हाडी कोंबलेले असताना तो दमटपणा कुणाचा, ते वेगळं सांगायला नको. नवरा-नवरी स्वर्गातल्या मेघांतून येतात म्हणतात, ते थोडेफार आमच्याच घामातून येतात. ढग पायाशी रांगतो कारण हा वायू हवेपेक्षा जड आणि वर गार. म्हणून बंद हॉलमध्ये लहान पोरांना त्या ढगात लोळू देऊ नये. खाली साचलेल्या वायूत श्वास घेण्याजोगी हवा कमी असते. निवेदक हे सांगत नाही.

ढगानंतर ठिणग्यांची कारंजी. त्यांना 'कोल्ड पायरो' म्हणतात आणि त्या ठिणग्या गार असतात असं इव्हेंटवाला शपथेवर सांगतो. गार कसल्या! धातूचा जळता कण आहे तो, चांगला तापलेला. पण कण इतका बारीक की त्याच्या अंगात साठवलेली उष्णता नाममात्र. दिवाळीतल्या फुलबाजीच्या ठिणग्या हातावर पडतात आणि काही होत नाही, ते याचमुळे. फुलबाजीची विझलेली तार मात्र पायाखाली आली की पोर चार दिवस लंगडतं. तापमान आणि उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शाळेच्या पुस्तकात समजावलेलं असतं. ती तार एका पावलात समजावते.

मग धुराचं पान. तोंडातून, नाकातून धूर निघतो म्हणून पोरं रांग लावतात. हा द्रवरूप नायट्रोजन, उणे १९६ अंश. विज्ञान मेळ्यात याच नायट्रोजनात गुलाबाचं फूल बुडवतात आणि टेबलावर आपटून त्याचा काचेसारखा चुरा करतात. धीट सर तर तो हातावरून क्षणभर ओघळू देतात आणि हाताला काही होत नाही, कारण कातडीला टेकायच्या आधीच त्याचा थोडा भाग वायू होतो आणि मधे त्या वायूची पातळ गादी तयार होते. योहान लाइडेनफ्रॉस्ट या जर्मन वैद्यानं १७५६ मध्ये तापलेल्या लोखंडी पळीवर पाण्याचे थेंब नाचताना पाहून हे लिहून ठेवलं. आमच्या घरी हे अक्काला न लिहिता माहीत आहे. तव्यावर पाणी शिंपडायचं; थेंब छन्न करून उडाला तर धिरडं घाला, थेंब गोळी होऊन तव्यावर पळत सुटला तर गॅस कमी करा. पळणाऱ्या थेंबाखाली वाफेची गादी असते, म्हणून तो फार तापलेल्या तव्यावर उलट जास्त जगतो.

पण हातावरून ओघळणं वेगळं आणि पोटात जाणं वेगळं. एक लिटर द्रव नायट्रोजनचा सुमारे सातशे लिटर वायू होतो, आणि पोटाला तेवढी जागा नाही. २०२४ मध्ये बंगळूरला एका लग्नात असं पान खाल्लेल्या बारा वर्षांच्या मुलीच्या जठराला भोक पडलं, शस्त्रक्रिया करावी लागली. इथे माझा विनोद संपतो. पान खायचं तर साधं खा.

टाळ्या न मिळणाऱ्या प्रयोगांकडे वळतो, कारण सुरत त्यांच्यावरच चालते. पॉलिस्टर साडी घ्या. जानेवारीत, हवा कोरडी असताना, बायको कपाटातून साडी काढते आणि चटचट आवाज येतो. काळोखात पाहिलं तर निळसर ठिणग्याही दिसतात. हवेतून एक मिलिमीटर ठिणगी उडायची तर साधारण तीन हजार व्होल्ट लागतात. म्हणजे रोज सकाळी आमच्या घरात हजारो व्होल्टचा कार्यक्रम होतो आणि त्यावर प्रतिक्रिया एकच, "या साडीला अस्तर लावायला पाहिजे." साठलेला भार नगण्य असतो म्हणून सगळे जिवंत आहेत. विज्ञान केंद्रांत केस ताठ उभे करणारा जो धातूचा गोळा असतो, तो, म्हणजे व्हॅन डी ग्राफचं जनित्र, यापेक्षा निराळं काही करत नाही: पट्टा घासत फिरतो, विद्युतभार गोळ्यावर नेऊन साठवतो. रॉबर्ट व्हॅन डी ग्राफनं १९२९ मध्ये पहिला नमुना केला तेव्हा पट्टा म्हणून दुकानातली साधी रेशमी फीत वापरली होती. सुरतेला आला असता तर फीत फुकट मिळाली असती, वर चहा.

लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, हीच वीज कारागिराचा जीव खाते. हवा सुकली की धागे एकमेकांना ढकलतात, कुठेही चिकटतात, तुटतात, आणि तुटलेला धागा म्हणजे कापलेली मजुरी. म्हणून खात्यात हवा ओली ठेवतात. ओलसर पृष्ठभागावरून भार गुपचूप निघून जातो. कारागीर एवढंच म्हणतो की हवा कोरडी आहे, आज माल निघणार नाही. त्याच्या या वाक्यात स्थितिक विद्युतचा अख्खा धडा आहे, पण त्याला कुणी प्रदर्शनात उभं करत नाही.

सिटी लाइट भागात महापालिकेचं सायन्स सेंटर आहे, २००९ पासूनचं. तारांगण आहे, हिऱ्यांचं दालन आहे. तिथे एक खेळ मी बऱ्याचदा बघतो. पोर पळत येतं, बटण दाबतं, दिवा लागतो की नाही हे बघायच्या आत पुढचं बटण दाबतं. मागून बाप येतो, पाटी वाचायला लागतो, दुसऱ्या ओळीत अडकतो आणि म्हणतो, "हे बघ बेटा, हे सायन्स आहे." पुढे चला.

हिऱ्यांच्या दालनात मात्र मोठी माणसं थबकतात, कारण इथे विज्ञानाला भाव असतो. महिधरपुऱ्यात किंवा वराछात रस्त्यावर उभे राहून कागदाच्या पुडीतला माल पाहणारे दलाल रोज भौतिकशास्त्र करतात. हिऱ्यावर फुंकर मारली तर धुकं टिकत नाही, झटकन जातं; काचेवर रेंगाळतं. हिरा उष्णता वाहून नेण्यात तांब्याच्या सुमारे पाचपट तेज आहे. हिऱ्याची पातळ चकती बोटांत धरून बर्फावर टेकवली की बर्फ लोण्यासारखा कापला जातो, कापतं ते बोटांचं ऊन. आणि घंटीवर, म्हणजे घासायच्या फिरत्या चकतीवर, हिरा घासायला हिऱ्याचीच भुकटी लागते. ज्यांच्यामुळे २८ फेब्रुवारी साजरी होते ते सी. व्ही. रामन हिऱ्यांचे शौकीन होते, हिऱ्यांवर त्यांनी वर्षानुवर्षं संशोधन केलं. आज हिरा ओळखायला प्रयोगशाळा रामन परिणामच वापरतात. सुरतेत तरी त्या दिवशी ज्वालामुखीऐवजी हिरा ठेवायला हरकत नव्हती. हवं तर काचेचा.

एक प्रयोग मात्र सुरतेत होणार नाही, आणि तोच सगळ्यात नेत्रदीपक. १८१४ मध्ये फ्लॉरेन्सला हम्फ्री डेव्हीनं मोठ्या भिंगानं सूर्याचे किरण एकवटून ऑक्सिजनमध्ये हिरा जाळला. मदतीला तरुण मायकेल फॅरडे. उरला फक्त कार्बन डायऑक्साइड, तोच जो खमणातून निघतो. हा प्रयोग महिधरपुऱ्यात लावला तर बघायला चिक्कार गर्दी होईल, पण हिरा द्यायला एकही शेठ पुढे येणार नाही. सुरतकरानं उलटा रस्ता धरला आहे: मिथेन वायू आणि हायड्रोजन भट्टीत सोडून, मायक्रोवेव्हनं त्यांचा प्लाझ्मा करून, बीजावर थर चढवत काही आठवड्यांत हिरा उगवायचा. २०२३ मध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नीला दिलेला साडेसात कॅरटचा हिरा असाच, सुरतेत उगवलेला. गोबरगॅसमध्ये मुख्यतः हाच मिथेन असतो, हे आमच्या गावाकडे सांगितलं तेव्हा दोन दिवस शेणाला कुणी हात लावू देईना.

राहता राहिला डुमसचा समुद्र. सुरतेला येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, तिथे रात्री भुतं असतात म्हणे, म्हणून वाळू काळी? वाळू काळी आहे ती तिच्यातल्या लोहयुक्त खनिजांमुळे. दख्खनचा काळा पाषाण झिजवत तापी भुसावळवरून, सगळ्या खानदेशातून इथे येते. म्हणजे आमची माणसं सुरतेला यायच्या कितीतरी आधी आमची वाळू येऊन बसली होती. पटत नसेल तर चुंबक वाळूत फिरवून बघा, काळे कण चिकटून वर येतात. दिवसा जा, भजी खा, आणि चुंबक आधी प्लास्टिकच्या पिशवीत घाला, कारण नुसत्या चुंबकाला चिकटलेली ती वाळू नंतर काही केल्या निघत नाही.